आधी बाकं बघ

तुला त्या क्वेकर मीटिंगमध्ये मनापासून आवडतंय, हे तुझ्या बोलण्यावरून कळतं. रविवारी सकाळी सगळे तासभर शांत बसलेले. पाद्री नाही, मूर्ती नाही, क्रूसही नाही. मधेच कुणीतरी उठून चार वाक्यं बोलतं आणि खाली बसतं. आठवड्याचा शीण तिथे उतरतो म्हणालीस. आणि त्याच दमात हेही म्हणालीस, की हस्तांदोलन होऊन सगळे कॉफीला उभे राहिले की तुला परकं वाटायला लागतं. कुणी विचारतं, "मूळची कुठली?" तू फिलाडेल्फियाची म्हटलंस तरी पुन्हा, "नाही, पण मूळची?" कुणी गांधींबद्दल बोलायला लागतं ते थांबतच नाही. आणि त्या एका भल्या बाईंनी तुझा हात हातात घेऊन सांगितलं, की आम्हाला इथे रंग दिसतच नाही. तुला काय बोलावं सुचेना. मग मला विचारलंस, "ताई, मी उगाच मनाला लावून घेते का?"

नाही गं, उगाच नाही. लागावं असंच ते आहे.

तुझ्याआधी बरीच वर्षं मी या लोकांत ऊठबस करते आहे. त्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणूनच स्पष्ट बोलते. क्वेकर स्वतःविषयी सांगतात तेव्हा उजळ बाजू आधी सांगतात, आणि ती खोटी नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने सांगायला सुरुवात केली की देवाचा अंश प्रत्येकात आहे, त्याच्यापर्यंत पोचायला मधे पुरोहित लागत नाही. बायकांनी धर्मसभेत का बोलावं यावर मार्गारेट फेलने पुस्तिका लिहिली ती तुरुंगात असताना. साल होतं १६६६, शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले तेच. मोठ्या लोकांपुढे टोपी काढायची नाही, पदवीने कुणाला संबोधायचं नाही, एवढ्यासाठी त्या पिढीने मार खाल्ला, कोठड्या भोगल्या. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटन आणि अमेरिकेतल्या क्वेकरांच्या दोन सेवासंस्थांना मिळालं. हे सगळं तुला कॉफी पिता पिता ऐकायला मिळेलच.

बाकाची गोष्ट मात्र आपणहून कुणी सांगेल असं नाही. ती मी सांगते.

फिलाडेल्फियात आर्च स्ट्रीटवर क्वेकरांचं मोठं मीटिंगहाउस आहे, १८०४ सालचं. अजून उभं आहे, एकदा जाऊन ये. आत लांबच लांब लाकडी बाकं. एकोणिसाव्या शतकात तिथे ग्रेस डग्लस नावाची एक कृष्णवर्णीय बाई प्रार्थनेला जायची, आपल्या मुलीला, सेराला, घेऊन. ग्रेसचं टोप्यांचं दुकान होतं, आणि राहणी क्वेकरांसारखीच साधी. या मायलेकींना आणि त्यांच्या लोकांना एक बाक वेगळं राखून ठेवलेलं होतं. कुणी गोरं माणूस चुकून किंवा आपल्या मर्जीने तिथे बसायला आलं, की बाकाच्या टोकाला बसलेला क्वेकर त्याला अडवायचा आणि सांगायचा, की हे बाक काळ्या लोकांचं आहे. एकाच सभेत पाच-सहा वेळा हे कानावर पडायचं आणि त्या लहान वयातही जीव उदास व्हायचा, असं सेराने मोठेपणी, १८३७ मध्ये, एका पत्रात लिहून ठेवलंय. तोवर ती काळ्या मुलींची शाळा चालवणारी नावाजलेली शिक्षिका झाली होती. तिने स्वतः तिथे जाणं सोडून काही वर्षं झाली होती. आई मात्र आठवड्यातून एकदा जायची, आणि पुष्कळदा ते अख्खं लांबलचक बाक तिला एकटीला असायचं.

जरा डोळ्यांसमोर आण. भरलेली सभा, आणि एका बाकावर एकटी ग्रेस.

हे करणारे लोक कोण होते? गुलामगिरीच्या विरोधातले. गुलाम बाळगणाऱ्याला आपल्यात जागा नाही, असं फिलाडेल्फियाच्या यर्ली मीटिंगने, म्हणजे तिथल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेने, १७७६ मध्येच ठरवलं होतं. माणूस विकणं पाप आहे हे त्यांना पटलं होतं, पण त्याच माणसाला मांडीला मांडी लावून बसू देणं पटलं नव्हतं. तुला-मला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे वारकरी शतकानुशतकं एकमेकांच्या पाया पडत आले, आणि चोखोबांची समाधी मात्र महाद्वाराबाहेर. विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. अभंग आणि बंद दार एकाच गावात सुखाने नांदत होते. समता मानणाऱ्या समाजातच हे सगळ्यात उशिरा लक्षात येतं, कारण आपण तर समता मानतोच, अशी सगळ्यांची खात्री असते. त्या बाईंच्या मनात तुझ्याबद्दल वाईट काही नाही. पण रंग दिसत नाही असं एकदा ठरवलं की कोण एकटं बसलंय तेही दिसेनासं होतं.

त्या बाकाची दुसरी बाजूही ऐक. चार्ल्स्टनच्या एका गुलाम बाळगणाऱ्या घरातल्या दोन बहिणी, सेरा आणि अँजेलिना ग्रिम्के, घर सोडून फिलाडेल्फियात आल्या, क्वेकर झाल्या आणि डग्लस मायलेकींच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. मंडळींना ते खपलं नाही, तरी त्या बसत राहिल्या. १८३८ मध्ये अँजेलिनाने क्वेकर नसलेल्या माणसाशी लग्न केलं. त्या लग्नाला ग्रेस आणि सेरा डग्लस पाहुण्या म्हणून आल्या होत्या. लग्न केलं म्हणून अँजेलिनाला आणि लग्नाला हजर राहिली म्हणून तिच्या बहिणीला मीटिंगने काढून टाकलं. तुझ्या मीटिंगमध्ये आता राखीव बाकं नाहीत. पण कॉफीच्या वेळी कोण कुणाच्या घोळक्यात असतं, पैशांचे निर्णय घेणाऱ्या कमिटीवर कोण असतं, नव्या माणसाला दुसऱ्यांदा कोण हाक मारतं, हे दोन-तीन रविवार नीट बघ. आणि ग्रिम्के बहिणींसारखं एक माणूस शोध. असतं. प्रत्येक मीटिंगमध्ये असं एक तरी माणूस असतंच. बहुतेक वेळा ते मागे कप विसळत उभं असतं.

आता तुझ्या उच्चारांबद्दल. शांततेत मनात काहीतरी येतं, पण उठून बोलायची लाज वाटते, इंग्रजी त्यांच्यासारखं नाही म्हणून, असं म्हणालीस. मग जर्मनटाउनची हकीकत तुझ्यासाठीच आहे. १६८८ मध्ये तिथल्या चार माणसांनी एक कागद लिहिला. चौघेही जर्मनी-हॉलंडकडून येऊन थोडीच वर्षं झालेले. इंग्रजी त्यांची नव्हती, आणि कागद वाचताना ते जाणवतं, वाक्यं अडखळत जातात. मुद्दा मात्र लख्ख आहे. समुद्रावर परकं जहाज दिसलं की तुर्क धरून नेतील आणि विकतील म्हणून आपल्याला धडकी भरायची. मग इथे आपण दुसऱ्यांचं तेच का करतो? इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतला गुलामगिरीविरुद्धचा हा पहिला लेखी निषेध मानतात. तो लिहिला परक्या उच्चारांच्या, नव्याने आलेल्या माणसांनी. जुन्या, सुखवस्तू, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या क्वेकरांना तो सुचला नव्हता. तेव्हा आतून आलं तर ऊठ आणि बोल. मराठीत सुचलं तर आधी मराठीत म्हण, मग इंग्रजीत सांग. ती शांतता इंग्रजीच्या मालकीची नाही.

त्या कागदाचं पुढे काय झालं तेही तुला माहीत हवं. खालच्या सभेने तो वरच्या सभेकडे धाडला, विषय आम्हाला पेलणारा नाही म्हणून. तिने आणखी वर धाडला. यर्ली मीटिंगने तो बाजूला ठेवला. मग तो हरवला, १८४४ मध्ये सापडला, पुन्हा हरवला, आणि २००५ मध्ये आर्च स्ट्रीटच्याच तिजोरीत मिळाला. कागद १६८८ चा, बंदी १७७६ ची. एका साध्या, उघड गोष्टीवर एकमत व्हायला ८८ वर्षं.

क्वेकरांत मतदान नसतं, हे तुला बिझनेस मीटिंगला गेलीस की दिसेल. सगळे बोलतात, मधे मधे गप्प बसतात, आणि सभेचा कल कुठे आहे ते ओळखून सभा चालवणारा क्लार्क तिथल्या तिथे नोंद लिहून वाचून दाखवतो. कुणाला पटली नाही तर पुन्हा थांबायचं. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. तिथे बहुमताचा बुलडोझर फिरत नाही. पण थांबण्याची किंमत थांबा म्हणणारा भरत नाही, ती दुसराच कुणीतरी भरत असतो. "अजून आपली तयारी झालेली नाही" असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचार, की तयारीसाठी कोण, काय, कधीपर्यंत करणार आहे, आणि ते नोंदीत घालायला सांग. नोंदीत आलेलं पुढच्या सभेत विचारता येतं. नुसत्या सद्भावनेबद्दल काय विचारणार?

आणि थांबायला नकार देणाऱ्यांचं या लोकांनी काय केलं तेही माहीत असू दे. बेंजामिन ले जेमतेम चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला माणूस. १७३८ मध्ये बर्लिंग्टनच्या यर्ली मीटिंगमध्ये तो उभा राहिला. आतून पोकळ केलेल्या पुस्तकात त्याने लाल रसाची पिशवी लपवली होती. गुलाम बाळगणाऱ्यांना देव काय शिक्षा देईल ते सांगत त्याने पुस्तकात तलवार खुपसली आणि आसपास बसलेल्यांच्या अंगावर तो रस रक्तासारखा उडाला. त्याला बाहेर काढलं, सभासदत्वही काढून घेतलं. ॲबिंग्टनच्या क्वेकर दफनभूमीत त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या नावाचा दगड बसला तो २०१८ मध्ये. बेयर्ड रस्टिनची गोष्ट तर आपल्या आई-वडिलांच्या काळातली. कृष्णवर्णीय, समलिंगी आणि क्वेकर. १९६३ चा वॉशिंग्टनचा तो प्रचंड मोर्चा उभा केला त्या माणसाने. पण १९५५ मध्ये क्वेकरांनी शांततेवर जी गाजलेली पुस्तिका काढली, तिच्या लेखकांत त्याचं नाव आलं नाही, कारण तो समलिंगी आहे हे जगाला कळलं होतं. कित्येक दशकांनी ते नाव परत घातलं. हयातीत दार लावायचं आणि मागाहून दगड बसवायचा, ही यांची जुनी खोड आहे. आजच्या लोकांना तीच आठवण करून दे, गोड शब्दांत, पण करून दे. त्यातले पुष्कळजण ऐकतात. ब्रिटनच्या क्वेकरांनी २००९ मध्ये समलिंगी जोडप्यांची लग्नं आपल्यात लावायचं ठरवलं, कायदा त्यानंतर काही वर्षांनी आला. २०२१ मध्ये त्यांनी वंशवादाविरुद्ध उभी राहणारी संस्था व्हायचं जाहीर केलं, २०२२ मध्ये गुलामगिरी आणि वसाहतींतून झालेल्या नुकसानीची भरपाई आपणही द्यायला हवी हे मान्य केलं. जाहीर करणं सोपं असतं हे खरं, पण त्यांच्यात प्रत्येक नोंदीमागे तासन् तासांची बैठक असते.

तुला वाटतं तसं शांत बसणं म्हणजेच क्वेकर असणं, असंही नाही. जगात सगळ्यात जास्त क्वेकर केनियात आहेत. १९०२ मध्ये कायमोसीला अमेरिकन मिशनरी पोचले, तिथून ते वाढले. त्यांच्याकडे पास्टर असतो, प्रवचन असतं, मोठ्याने गाणं असतं. तुझ्या मीटिंगमधल्या एखाद्या केनियन बाईला शांततेत अवघडल्यासारखं वाटलं तर ती कमी क्वेकर ठरत नाही. यातच खरी अडचणही आहे, ती लपवू नये. तिथल्या बहुतेक चर्चना समलिंगी विवाह मान्य नाहीत, आणि तुझ्या मीटिंगमध्ये दोन बायकांचा संसार सगळ्यांच्या साक्षीने मांडला जातो. दोन्ही बाजूंना आपलं म्हणायचं तर कसं? माझं मत विचारशील तर, कुणाच्या गाण्याला, कपड्याला, बायबलला जागा करून द्यायला काही हरकत नाही. पण समोरच्या माणसाचं असणंच नाकारायला जागा नाही. तिथे मी त्या दोन बायकांच्या शेजारी बसते.

छोट्या गोष्टी सोडून देऊ नकोस. तुझं नाव चुकीचं उच्चारलं तर दहाव्यांदाही दुरुस्त कर, हसून कर, पण कर. पॉटलकला पदार्थापुढे त्यात काय घातलंय याची चिठ्ठी लावायची पद्धत नसेल तर सुरू कर. आपल्यासारख्या शाकाहारी लोकांनाच नव्हे, मुसलमान आणि ज्यू पाहुण्यांनाही ती हवी असते. व्हीलचेअर आत येते का, ऐकायला कमी येणाऱ्या आजोबांपर्यंत मागच्या बाकावरचं बोलणं पोचतं का, लहान मुलांकडे बघायला कुणी आहे का, हेही याच विषयात येतं. पण हिंदू धर्म आणि भारत यावर सगळ्यांची शिकवणी घ्यायची जबाबदारी तुझी नाही. कुणी पुन्हा गांधींवर आलं तर सरळ म्हण, मी वर्ध्याची आहे, आणि मार्जरी साइक्स कोण हे विचार. ती इंग्लिश क्वेकर बाई १९२८ मध्ये मद्रासला शिकवायला आली, तमिळ शिकली, बंगाली शिकली, रवींद्रनाथांचं लेखन इंग्रजीत आणलं, भारताची नागरिक झाली आणि स्वातंत्र्यानंतर आपल्या सेवाग्रामला गांधींच्या नई तालीमच्या शिक्षकांना शिकवत राहिली. परक्यांत मिसळायचं कसं हे तिच्याकडून शिकण्यासारखं आहे, आणि तुझ्या मीटिंगमधल्या पुष्कळांना तिचं नावही माहीत नसेल.

सभासद व्हायचं का, हे घाईने ठरवू नकोस. अर्ज केलास की दोघं-तिघं येऊन तुझ्याशी निवांत बोलतील. तेव्हा घरी गणपती बसतो हे सांग. तुझ्यासारख्या मीटिंगमध्ये कुठल्याही धर्मवचनावर सही मागत नाहीत, आणि बौद्ध किंवा ज्यू परंपरा सांभाळून क्वेकर असलेले लोक तिथे असतात. पण काहींसाठी येशू हाच सगळा गाभा आहे, हेही विसरू नकोस. तो म्हातारा गृहस्थ उठून बायबलमधलं काही बोलतो तेव्हा तुला कंटाळा येतो म्हणालीस. ऐक त्याचं. त्यालाही हल्ली आपण एकटे पडलोय असं वाटत असेल.

आता एक गोष्ट जी तुला आवडणार नाही, पण ताई म्हणून सांगायलाच हवी. "मूळची कुठली?" हा प्रश्न तुला बोचतो. आणि आपल्या मराठी मंडळात कुणी नवीन मुलगी आली की पहिला प्रश्न काय असतो? आडनाव काय. त्यावरून भागत नसेल तर गाव कुठलं, आणि घरात काय खाता. ज्याला उत्तर द्यायचं असतं त्याला नेमकं कळतं की काय विचारलं जातंय. सिएटलच्या नगरपरिषदेने २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, ती उगाच नाही. आपण आपली जात विमानातून इथवर आणली. जोतीरावांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये लिहिलं आणि अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. त्यांना वाटलं होतं, इथल्या लोकांकडून आपले लोक काहीतरी शिकतील. मीटिंगमध्ये न्याय मागायचा आणि मंडळात गप्प बसायचं, असं करू नकोस. पुढच्या वेळी कुणी एखाद्या मुलीला आडनाव विचारून चाचपडायला लागलं, तर मधे पड, तिला आपल्या टेबलावर घेऊन ये आणि दुसऱ्या विषयावर बोल.

आणि एकटीने सगळं ओढू नकोस. क्वेकरांच्या फ्रेंड्स जनरल कॉन्फरन्सच्या उन्हाळी मेळाव्याच्या आधी गौरेतर क्वेकरांचं आणि त्यांच्या घरच्यांचं वेगळं शिबिर असतं. तिथे जा. काही समजावून सांगावं लागत नाही अशा लोकांत दोन दिवस राहिलं की पुढे बोलायला बळ येतं.

आता काम. पुढच्या बिझनेस मीटिंगच्या आधी क्लार्कला एक पत्र लिही. तक्रारीचा सूर नको, आणि आभाराचाही नको. तू पाहुणी नाहीस. कॉफीच्या वेळी काय घडतं ते दोन प्रसंग देऊन सांग, कमिट्यांवर कोण आहे आणि कोण नाही ते लिही, या विषयावर सभेने एक संध्याकाळ द्यावी अशी मागणी कर, आणि तुझ्यासोबत आणखी एकीची सही घे. पत्र पाठवण्याआधी मला फोन करून वाचून दाखव.